काळ्या कातळाकडून तांबूस शिळांकडे

पहिला दिवस : पुणे – भुलेश्वर – सोलापूर

अठ्ठावीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला आणि अग्निजन्य खडकांचा धडा आला की एक वाक्य न चुकता फळ्यावर लिहीत आलो : शिलारस लवकर थंड झाला की बसाल्ट होतो आणि सावकाश थंड झाला की ग्रॅनाइट. गेल्या दिवाळीत, भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या माझ्या भाचीने हे वाक्य ऐकले आणि "मामा, हे अर्धेच खरे आहे," एवढे म्हणून ती फराळाकडे वळली. उरलेले अर्धे कोणते, हे तिने सांगितले नाही. दाखवीन, असे म्हणाली. त्यामुळे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी, सौ. आणि भाची असे तिघे पुण्याहून निघालो. महाराष्ट्राच्या बसाल्टवरून तो संपेपर्यंत दक्षिणेला जायचे आणि ग्रॅनाइटच्या मुलखात, म्हणजे हंपीला, मुक्काम ठोकायचा, असा साधा बेत होता. सामानात दहापट मोठे दाखवणारे एक भिंग, प्रवासी बॅग तोलण्याचा हुकाचा काटा आणि सुतळीचे बंडल एवढीच विशेष साधने होती. काटा कशाला, हेही भाचीने सांगितलेले नव्हते.

यवतजवळ महामार्ग सोडून आम्ही भुलेश्वरच्या डोंगराकडे वळलो. तिथे जाणारे बहुतेक लोक यादवकालीन देवळातील शिल्पे पाहायला जातात, आणि ती पाहण्यासारखीच आहेत. आम्ही मात्र पहिला तासभर चढावरच्या रस्त्यासाठी कापलेल्या एका दरडीसमोर उभे होतो. दरडीच्या तळाशी कातळ घट्ट, निबर आणि काळाकरडा होता. नजर जसजशी वर जाई तसतशी त्यात भोके वाढत जात, आणि वरच्या हातभर भागात तर आंबोळीला पडते तशी जाळी पडली होती. कारणही आंबोळीचेच : तप्त लाव्ह्यात विरघळलेले वायू बुडबुडे होऊन वर चढतात आणि वरचा पापुद्रा गोठल्यामुळे तिथेच अडकतात. काही भोके पुढे पाण्याने आणलेल्या खनिजांनी भरली होती. पांढऱ्या, मोत्यासारखी झाक असलेल्या त्या खड्यांना झिओलाइट म्हणतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांमधून कॅव्हन्साइट नावाचे निळेशार खनिज निघते आणि जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

जाळीदार भागाच्या डोक्यावर पुन्हा घट्ट कातळ सुरू झाला होता, म्हणजे लाव्ह्याचा दुसरा थर पहिल्यावर येऊन पसरला होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून हा लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला. त्याचे तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असावे आणि तो पातळ असल्यामुळे दूरवर वाहत गेला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे आणि सह्याद्रीत त्याच्या थरांची एकूण जाडी २ हजार मीटरच्या आसपास भरते. डोंगरांच्या उतारांना पायऱ्या दिसतात त्या या थरांच्याच. स्वीडिश भाषेतल्या पायरीवाचक शब्दावरून या खडकाला ट्रॅप हे नाव पडले. आपले डोंगर माथ्यावर इस्त्री केल्यासारखे सपाट का असतात, याचे उत्तरही त्यातच आहे.

रस्त्याच्या कामात फुटलेला एक ताजा तुकडा उचलून भाचीने भिंग सौ.च्या हाती दिले. बराच वेळ पाहून सौ. म्हणाली, "यात दिसण्यासारखे काहीच नाही गं." त्यावर भाचीचे उत्तर होते, "मामी, तेच तर बघायचे आहे." प्रकाशात दगड फिरवल्यावर सुईच्या टोकाएवढ्या चकाकत्या रेघा तेवढ्या दिसल्या. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या फिकट खनिजाचे ते सूक्ष्म स्फटिक होते, आणि त्यांच्या मधला काळा भाग मुख्यतः पायरोक्सिन या गडद खनिजाचा होता. लाव्हा हवेत उघडा पडला की थोड्याच काळात गोठतो, त्यामुळे स्फटिकांना वाढायला वेळ मिळत नाही. माझ्या वाक्यातले हे अर्धे खरे होते. तुकडा आम्ही बरोबर घेतला आणि दिवेलागणीच्या सुमारास सोलापूर गाठले.

दुसरा दिवस : सोलापूर – विजयपूर

सोलापूर ते विजयपूर हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे आणि राज्याची सीमा ओलांडली तरी जमीन काही बदलत नाही. दोन्ही बाजूंना काळी रानं, त्यांत कणसावर आलेली शाळू आणि मधूनच हुरड्याच्या पार्टीची पाटी. ही काळी माती बसाल्टचीच लेक आहे. बसाल्टमधले लोहयुक्त पायरोक्सिन आणि फेल्डस्पार कुजत गेले की त्यांची चिकणमाती होते. ती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात अशी आकसते की भेगांत हात जावा. त्या मातीत वाळूचा कण शोधूनही सापडत नाही, कारण मूळ खडकात वाळूचे मुख्य खनिज असलेले क्वार्ट्‌झच नसते. शेताच्या बांधावर उतरून ओली माती चिमटीत घासून पाहिली, तर ती लोण्यासारखी घसरली. ही खूण पुढे उपयोगी पडणार होती.

विजयपूरचा गोल घुमट १६५६ मध्ये पूर्ण झाला. मुहंमद आदिलशहाच्या या कबरीच्या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे, आणि इतका मोठा पसारा उभा करताना कारागिरांनी पायाखाली मिळणारा काळाकरडा बसाल्टच वापरला. सज्जातल्या प्रतिध्वनीवर सगळ्यांनी लिहिले आहे, म्हणून मी लिहीत नाही. शिवाय आम्ही गेलो तेव्हा एका शाळेची सहल वर होती आणि प्रतिध्वनीपेक्षा मूळ ध्वनीच फार होता. मला खालच्या भिंतींजवळ थांबावेसे वाटले. घट्ट बसाल्ट बारीक पोताचा असल्यामुळे त्याची कड धारदार निघते आणि कोरीव रेषा शतकानुशतके टिकते. दगडाचे सांधे हाताला जवळजवळ लागत नव्हते. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरता आले, त्याला कारागिरांचे कसब जितके कारण आहे तितकाच हा एकजीव पोतही.

तिसरा दिवस : विजयपूर – इलकल – होसपेट

हा दिवस प्रवासाचा असूनही माझ्या लेखी सर्वांत मोठा ठरला. विजयपुराहून होसपेट दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आलमट्टीच्या बाजूने कृष्णा ओलांडली तरी काळी रानं लगेच संपली नाहीत, आणि बसाल्टची नेमकी कड कुठे गेली हे मला कळलेच नाही. खडकांच्या सीमा नकाशावर ठसठशीत असतात. जमिनीवर त्या मातीखाली, बाभळीखाली आणि एखाद्या धाब्याखाली गाडल्या गेलेल्या असतात. हुनगुंद मागे पडल्यावर मात्र भाचीने एकदम गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याकडेला भुईतून वर आलेली, हत्तीच्या पाठीसारखी गोल, तांबूस शिळा होती. पायऱ्या नाहीत, थर नाहीत, भोके नाहीत. शेजारच्या ओघळातली माती चिमटीत घेतली, तर ती कचकच वाजली. त्या मातीत वाळू होती.

इलकल हे गाव मराठी बायकांना लुगड्यांमुळे माहीत असते. आपल्याकडे त्याला इरकल म्हणतात. दगडाच्या धंद्यात मात्र ते तांबड्या-गुलाबी ग्रॅनाइटसाठी ओळखले जाते. गावाबाहेर ठोकळ्यांच्या राशी लागल्या होत्या आणि प्रत्येक ठोकळ्याच्या कडेला छिद्रयंत्राच्या अर्ध्या नळ्यांच्या खुणा होत्या. तिथल्या मुकादमाने खपलीचा एक तुकडा आनंदाने दिला. भिंगाची गरजच नव्हती. गुलाबी फेल्डस्पारचे बोराच्या बीएवढाले दाणे, त्यांच्यामध्ये काचेसारखे धुरकट क्वार्ट्‌झ, आणि मधूनच काळ्या अभ्रकाची चकाकती पाने, असे सगळे एकमेकांत घट्ट गुंतलेले नुसत्या डोळ्यांना दिसत होते. सौ.ला हा दगड लगेच आवडला. नंतर तिने घेतलेल्या साडीचा पदर आणि तो दगड एकाच रंगाचे निघाले, याचा भूशास्त्राशी संबंध नसावा.

रात्री होसपेटच्या लॉजवर काट्याचे रहस्य उलगडले. न्हाणीघरातली बादली पाण्याने भरून भाचीने दोन्ही दगडांना सुतळी बांधली आणि काट्याला टांगून ते आधी हवेत, मग पाण्यात बुडवून तोलले. पहिली बादली तडकलेली निघाल्यामुळे अर्धी खोली भिजली. दुसरी मागवावी लागली. बसाल्ट हवेत २ किलो ६१० ग्रॅम भरला आणि पाण्यात १ किलो ७१०. ग्रॅनाइट हवेत ३ किलो १५० आणि पाण्यात १ किलो ९५०. हवेतल्या वजनाला पाण्यातल्या घटीने भागले की घनता मिळते, हे शाळेतले गणित मी वहीच्या मागच्या पानावर केले. बसाल्टची २.९ आली आणि ग्रॅनाइटची २.६ च्या किंचित वर. बॅग तोलायच्या काट्याच्या मानाने हे आकडे पुस्तकातल्या आकड्यांच्या फार जवळ होते.

"आता सांगा मामा," भाची म्हणाली, "नुसते सावकाश थंड झाल्याने दगड इतका हलका कसा होईल?" बसाल्टमध्ये सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे संयुग, निम्म्याच्या आसपास असते, आणि लोह व मॅग्नेशियम भरपूर, ग्रॅनाइटमध्ये सिलिका ७० टक्क्यांच्या आगेमागे जाते आणि लोह अगदी थोडे उरते. म्हणजे मुळात दोन्हींचा रसच वेगळा. बसाल्टचा रस पृथ्वीच्या प्रावरणातून, कवचाच्याही खालून येतो. ग्रॅनाइटचा रस बहुतांशी खंडांच्या कवचातला जुना खडक वितळून तयार होतो. मी काही बोलायच्या आत, ओली चटई वाळत घालता घालता सौ.नेच निकाल दिला : "साखरेचा पाक सावकाश निवला म्हणून त्याचा गूळ होत नाही." अठ्ठावीस वर्षांत मला इतके चांगले वाक्य फळ्यावर लिहिता आले नव्हते.

चौथा दिवस : हंपी

होसपेटहून हंपी बारा-तेरा किलोमीटरवर आहे. विरूपाक्षाच्या देवळात दर्शन घेऊन आम्ही शेजारच्या हेमकूट टेकडीवर गेलो. चारी दिशांना शिळांचे ढीग होते, एकावर एक अशा तऱ्हेने तोलून धरलेले की बोटाने ढकलले तर कोसळतील असे वाटावे. एका वाटाड्याने आम्हांला, ज्वालामुखीचा मोठा स्फोट होऊन हे दगड आकाशातून पडले, असे ठामपणे सांगितले. भाचीने ऐकून घेतले आणि तो पुढे गेल्यावर एका भल्या मोठ्या शिळेच्या कुशीत आम्हांला बसवले.

हा ग्रॅनाइट कधी आकाशात तर सोडाच, तयार होताना जमिनीच्या पृष्ठभागावरसुद्धा आला नव्हता. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, काही किलोमीटर खोलीवर, त्याचा दाट रस अडकून राहिला आणि वरच्या खडकांच्या गोधडीखाली फार सावकाश गोठला. आपला बसाल्ट याच्यापुढे लहान मूल आहे. दोघांच्या वयात जवळजवळ अडतीस पटींचा फरक आहे. पुढे वरचे सगळे खडक झिजून गेले, माथ्यावरचा भार हलका झाला, आणि ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा पडून त्याचे ठोकळे झाले. भेगांत पाणी शिरले. ठोकळ्याच्या सपाट अंगाला पाणी एका बाजूने खाते, कडेला दोन बाजूंनी आणि कोपऱ्याला तीन बाजूंनी, म्हणून कोपरे सर्वांत आधी कुजतात आणि मातीच्या पोटात असतानाच ठोकळ्याचा गोटा होतो. नंतर कुजलेली माती पावसाने वाहून गेली आणि गोटे जिथल्या तिथे, एकमेकांच्या डोक्यावर उभे राहिले. म्हणजे हे दगड कुणी रचलेले नाहीत आणि ते पडलेलेही नाहीत. त्यांच्या मधले तेवढे निघून गेले आहे. हे समजल्यावर तो सगळा देखावा मला उलटा दिसू लागला. डोळे दगडांवरून उठून दगडांमधल्या पोकळ्यांवर जाऊ लागले.

हंपीच्या पाथरवटांना या भेगांचे ज्ञान पक्के होते. अनेक शिळांच्या अंगावर चौकोनी खाचांची सरळ रांग दिसते. त्या खाचांत लाकडाच्या पाचरी ठोकून पाणी ओतत, आणि फुगलेले लाकूड शिळेला दुभंगत असे. एका शिळेवर रांग अर्धीच राहिली होती. माझे बोट खाचेत दोन पेरे गेले. असे लांब, सरळ खांब आणि तुळया ग्रॅनाइट हौसेने देतो, पण नाजूक कोरीव काम द्यायला कुरकुरतो. त्याचे दाणे मोठे, त्यांतले क्वार्ट्‌झ छिन्नीला दाद न देणारे, आणि शेजारचे अभ्रक पापुद्र्यासारखे सुटणारे. नथीतला मोती कोरायला गेले तर दाणाच निखळायचा. म्हणून ग्रॅनाइटमधले काम भव्यतेकडे झुकते, असे मला वाटते. उग्र नरसिंहाची १५२८ मधील, सुमारे ६.७ मीटर उंचीची मूर्ती एकाच शिळेतून काढलेली आहे, आणि तिच्यासमोर उभे राहिल्यावर दागिन्यांच्या बारकाव्याची उणीव कुणालाही जाणवणार नाही. ५० रुपयांच्या नोटेवरचा विठ्ठल मंदिरातला दगडी रथही पाहिला. तिथल्या नादस्तंभांना आता हात लावू देत नाहीत, हे उत्तम. पंढरीचा विठोबा एके काळी इथे आला होता आणि भानुदासांनी तो परत नेला, ही आपल्याकडची परंपरागत कथा सौ.ने रथाजवळ उभे राहून भाचीला सांगितली.

महानवमी डिब्बा या दगडी चौथऱ्याजवळ माझी फजिती झाली. तिथल्या पायऱ्यांच्या पुष्करणीचा दगड काळाभोर आणि बारीक पोताचा आहे, तो पाहून मी मोठ्या खुशीत "हा आपला बसाल्ट!" असे म्हणून मोकळा झालो. तो शिस्ट निघाला, म्हणजे दाब आणि उष्णतेने रूप पालटलेला, अग्निजन्य नव्हेच असा खडक. तिरप्या उन्हात त्याच्या पत्र्यांची रेशमी झाक स्पष्ट दिसत होती. रंगावरून दगड ओळखू नये, हे मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

पाचवा दिवस : आनेगुंदी

तुंगभद्रा ओलांडून आनेगुंदीच्या बाजूला गेलो. अंजनाद्रीच्या पायऱ्या सौ. आणि भाची चढून आल्या; माझ्या गुडघ्यांनी खालीच बसणे पसंत केले. या सगळ्या ग्रॅनाइटच्या पट्ट्याला भूशास्त्रात क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात, आणि तो दक्षिणोत्तर जवळजवळ ४०० किलोमीटर गेलेला आहे. क्लोजपेट हे आजच्या रामनगरचे जुने नाव, आणि ते पडले बॅरी क्लोज या इंग्रज अधिकाऱ्यावरून. हा तोच क्लोज, जो म्हैसूरहून पुण्याच्या दरबारात रेसिडेंट म्हणून आला आणि ज्याने १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह केला. पेशवाईच्या गळ्यात धोंडा बांधणाऱ्या माणसाचे नाव खडकाला चिकटले, याची मला खाली बसल्या बसल्या गंमत वाटली.

परतीच्या वाटेवर, भातखाचरांच्या कडेला, भाची ज्यासाठी इतके दिवस थांबली होती ते सापडले. तांबूस ग्रॅनाइटच्या उघड्या पाठीवरून तीन-चार हात रुंदीचा एक काळा पट्टा सरळ आरपार गेला होता, जणू भिंतीची भेग कुणी डांबराने भरावी. ही डोलेराइटची, म्हणजे बसाल्टच्याच कुळातल्या पण थोड्या मोठ्या दाण्यांच्या खडकाची, भित्ती होती. ग्रॅनाइट केव्हाच गोठून तडकल्यावर त्या भेगेत खालून बसाल्टचाच रस शिरला आणि जमिनीच्या आत गोठला. आम्ही पालथे पडून भिंग लावले. ग्रॅनाइटला चिकटलेल्या कडेवर काळा दगड भुलेश्वरच्या दगडासारखाच, काही न दिसणारा होता, कारण तिथे थंड भिंतीला टेकून रस झटक्यात गोठला. वीतभर आत सरकलो तर पांढुरक्या बारीक काड्या दिसू लागल्या. पट्ट्याच्या मध्यावर त्या काड्या जिऱ्याएवढ्या झाल्या होत्या आणि त्यांच्यामधले काळे दाणे वेगळे ओळखू येत होते.

सावकाश थंड होण्याने काय होते, ते तीन हातांच्या अंतरात डोळ्यांसमोर होते. दाणा मोठा झाला होता. पण मध्यावरसुद्धा क्वार्ट्‌झचा धुरकट दाणा किंवा गुलाबी फेल्डस्पार नव्हता, आणि पट्ट्याच्या कडेपलीकडे खराखुरा ग्रॅनाइट तुलनेला हजर होता. हाच काळा रस आणखी खोल, आणखी सावकाश गोठला असता तर गॅब्रो नावाचा आणखी मोठ्या दाण्यांचा खडक झाला असता. उलट ग्रॅनाइटचा रस पृष्ठभागावर येऊन भरभर गोठला तर बारीक पोताचा रायोलाइट होतो. मुंबईजवळ मनोरी-गोराईच्या बाजूला त्या प्रकारचा खडक आहे, आणि मी तिथे समुद्र पाहून परत आलो होतो. थोडक्यात, रस कोणता आणि तो किती वेळात गोठला, हे दोन वेगळे प्रश्न मी आयुष्यभर एकाच वाक्यात कोंबले होते. "पाक निवायला वेळ दिला तर खडीसाखर होईल, एवढेच," सौ. म्हणाली.

सहावा दिवस : परत पुणे

पहाटे निघून रात्री उशिरा घरी पोहोचलो. वाटेत सांगण्यासारखे काही घडले नाही. फक्त काळी रानं पुन्हा सुरू झाली तेव्हा गाडीत कुणीच बोलत नव्हते आणि तिघेही खिडकीबाहेर पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होईपर्यंत भाचीने भिंग काढून स्वयंपाकघराचा ओटा तपासला. बारा वर्षांपूर्वी बसवलेल्या या ओट्याच्या पावतीवर "काळा ग्रॅनाइट" असे लिहिलेले आहे आणि दुकानदारानेही तेच सांगितले होते. भिंगाखाली काळ्या दाण्यांत गुंतलेल्या करड्या पट्ट्या दिसल्या, क्वार्ट्‌झ नाही. आंध्रातल्या चीमकुर्तीहून येणारा आणि काळा ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा पुष्कळसा दगड याच गॅब्रोच्या कुळातला असतो. दगडाच्या बाजारात घट्ट, झिलई घेणाऱ्या कोणत्याही शिळेला ग्रॅनाइट म्हणायची रीत आहे, त्यामुळे दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. बसाल्टचाच मोठ्या दाण्यांचा भाऊ बारा वर्षे आमच्या पोळ्यांखाली होता.

प्रवासातले दोन्ही दगड आता त्याच ओट्यावर आहेत. ग्रॅनाइट दिसायला देखणा म्हणून खिडकीत ठेवला आहे. मीठ लावलेल्या लिंबांवर दडपण म्हणून मात्र सौ.ने दोन्ही हातांत तोलून पाहून बसाल्ट निवडला. बरणीच्या तोंडातून आत जाईल इतक्या आकारात तोच जड भरतो.